नोकरी सांभाळून मुंबईतून पीपीएल: होतं, पण शनिवार-रविवार करून नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 34, राहणार डोंबिवली, आयटीत नोकरी, उणे तीनचा चष्मा, एअरलाइनमध्ये जायचं नाहीये पण स्वतःच्या हाताने विमान उडवायचंय, तर शनिवार-रविवार करून वर्षभरात प्रायव्हेट पायलट लायसन्स (पीपीएल) होईल का, खर्च किती येईल, आणि त्यापेक्षा अमेरिकेत जाऊन केलेलं बरं का. मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे, मुंबईचीच आहे आणि बरीच वर्षं शिकवतेय. असं विचारणारे खूप भेटतात म्हणून एकदाच नीट सविस्तर लिहिते.

लायसन्स होईल. वय आड येत नाही, चष्मा आड येत नाही, नोकरी सोडायची तर अजिबात गरज नाही. फक्त तो शनिवार-रविवारचा प्लॅन आहे ना, तो डोक्यातून काढून टाका. माझ्या पाहण्यात निम्म्यात सोडून दिलेले जेवढे आहेत त्यातले बहुतेक या वीकेंडच्या नादात अडकलेले होते, हुशारी कमी पडली म्हणून सोडलेले फार थोडे.

कारण असं की मुंबईत फ्लाइंग शिकायला जागाच नाही. एकेकाळी होती. जुहूचा एरोड्रोम 1928 चा, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच वर्षीचा, आणि 10 फेब्रुवारी 1929 ला जे.आर.डी. टाटांना भारतातलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं ते याच क्लबात शिकून. आज जुहूवरून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात, बॉम्बे हायला माणसं नेणारी वगैरे, आणि अगदी शेजारी देशातल्या सगळ्यात गर्दीच्या विमानतळांपैकी एक, तिथे शिकाऊ माणसाला गोल गोल सर्किट, म्हणजे उडून पट्टीभोवती फेरी मारून परत उतरणं, कोण करू देणार? क्लबचं फ्लाइंगसुद्धा कधीच धुळ्याला गेलं. (कांदिवलीला चारकोपच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी बांधलेलं विमान आठवत असेल, तेही शेवटी धुळ्याच्याच धावपट्टीवरून उडालं.) बाकी महाराष्ट्रात बारामती आहे, गोंदिया आहे, अजून काही ठिकाणं आहेत, पण मुंबईतून कुठेही जा, एका दिशेचे पाचसहा तास तर धराच.

आता वीकेंडचा हिशोब मांडू. शुक्रवारी ऑफिस संपवून रात्री ठाण्याहून बस धरली, कसारा घाट, नाशिक, मालेगाव करत पहाटे धुळ्याला उतरलात, झोप धड झालेली नाही, आणि झोप न झालेल्या माणसाला मी तरी विमानात बसवत नाही. समजा बसलात, तर थंडीत सकाळी धुरकट असतं, व्हिजिबिलिटी 5 किलोमीटरच्या वर यायची वाट बघत नऊ-साडेनऊ वाजतात, मग एक सॉर्टी, म्हणजे एक उड्डाण, मिळते. रविवारी तेच विमान 100 तासांच्या इन्स्पेक्शनला गेलेलं असतं किंवा वारा आडवा असतो, मग परत बस. पुढच्या वीकेंडला ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज, त्याच्या पुढच्या वीकेंडला घरात लग्न. तीन आठवड्यांनी परत येता तेव्हा पहिला अर्धा तास मागच्या वेळचं आठवण्यात जातो आणि त्या अर्ध्या तासाचंही बिल लागतं. हातापायांना सवय लागायची तर आज केलेलं उद्या परत करायला मिळालं पाहिजे. रोज एक किंवा दोन सॉर्टी, सलग, असा माणूस जे दहा दिवसांत शिकतो ते वीकेंडवाला सहा महिन्यांत शिकत नाही. आणि सहा महिने तेच ते लँडिंग बिघडत राहिलं की मन उतरतं, ते पैशापेक्षा वाईट.

म्हणून माझं म्हणणं, कामाचे दोन तुकडे करा. जे मुंबईत बसून होतं ते सगळं पावसाळ्यात उरकून घ्या, नाहीतरी जून ते सप्टेंबर फ्लाइंग असून नसल्यासारखंच असतं. आणि उडायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सलग रजा टाकून. एकदम सहा-सात आठवडे कोणी देत नाही हे मान्य, पण तीन आठवड्यांचे दोन ब्लॉक, मध्ये महिनाभराची गॅप, एवढं बऱ्याच जणांना जमतं, साठवलेली रजा, दिवाळी, नाताळ, थोडी बिनपगारी असं जोडून.

मुंबईतल्या कामात सगळ्यात पहिलं मेडिकल. पैसे भरायच्या आधी, पुस्तकं घ्यायच्या आधी, ऑफिसात सांगायच्याही आधी. पीपीएलला क्लास टू दर्जाचं मेडिकल लागतं, डीजीसीएने (विमान वाहतुकीचे नियम बघणारं सरकारी खातं) मान्यता दिलेले डॉक्टर मुंबईत आहेत. चष्मा लावून नीट दिसत असेल तर उणे तीनचं काही टेन्शन घेऊ नका, फक्त उडताना दुसरी जोडी जवळ ठेवायची. रंगांची तपासणी मात्र नीट करतात, ते ठिपक्यांमधले आकडे वाचायचे असतात, आणि आपल्याला लाल-हिरव्यात गोंधळ होतो हे कित्येकांना तिशीपर्यंत माहीतच नसतं. ईसीजी, ऐकू येण्याची तपासणी, रक्त, लघवी हे सगळं असतं. बीपीची, शुगरची गोळी चालू असेल तर लपवू नका, सांगा. बऱ्याच गोष्टींवर मार्ग निघतो पण लपवलेलं निघालं तर मग कठीण होतं.

मेडिकल झालं की डीजीसीएच्या पोर्टलवर कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक) काढा, तो मिळाला की परीक्षेला बसता येतं. पीपीएलला एकच कंपोझिट पेपर असतो, त्यात एअर रेग्युलेशन्स, नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि विमान-इंजिन सगळं येतं, पास व्हायला 70 टक्के. आयटीवाल्याला अभ्यास जड जाऊ नये. पण पाठ करून पास होऊ नका एवढंच कळकळीने सांगते, विशेषतः हवामान. रोज ट्रेन पकडायच्या आधी मुंबईचं मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) वाचा, अर्ध्या अर्ध्या तासाला नवं येतं. त्यात व्हिजिबिलिटी किती, ढग किती फुटांवर, तापमान आणि दवबिंदू यांत किती अंतर आहे ते बघा, आणि मग गच्चीवर जाऊन मुंब्र्याचा डोंगर दिसतोय का, मलंगगड दिसतोय का ते बघा. विमानतळ आणि डोंबिवली यांत फरक पडणारच, तो का पडला याचा विचार करा. दोन महिने हे केलंत तर पेपरातले हवामानाचे प्रश्न आपोआप सुटतात, आणि पुढे एकटं उडताना आज जायचं की नाही हे स्वतःचं स्वतःला ठरवता येतं.

मग रेडिओ. विमानातून बोलायला वेगळं लायसन्स लागतं, एफआरटीओएल म्हणतात. त्यासाठीची आरटीआरची, म्हणजे रेडिओ वापरण्याची, परीक्षा आधी दूरसंचार खातं घ्यायचं, आता 2024 च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ती डीजीसीएकडे आली. मराठी मीडियमच्या पोरांना याची उगाच भीती असते. आरटीचं (रेडिओवर बोलायचं) इंग्लिश म्हणजे फाडफाड इंग्लिश नव्हेच, ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने, आणि मराठी मीडियमवाले ते उलट जास्त स्वच्छ बोलतात असा माझा अनुभव आहे कारण ते घाई करत नाहीत. प्रॅक्टिस करायची तर रिक्षात बसल्या बसल्या पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचा, एमएच 05 म्हणजे माइक हॉटेल झीरो फाइफ, पाचाला फाइफ आणि नऊला नाइनर, मोठ्याने. लाज वाटली तर घरी. टॉवरने सांगितलेलं रनवे, क्यूएनएच (उंची मोजायला लागणारा हवेच्या दाबाचा आकडा) आणि क्लिअरन्स परत म्हणून दाखवायचं असतं, तेव्हा एकदा ऐकून चार आकडे लक्षात ठेवायची सवय आत्तापासून लावा.

एवढं झालं की बाहेरगावी जाता ते निव्वळ उडायलाच जाता. तिथे शाळेतच एक लेखी आणि तोंडी होऊन स्टुडंट पायलट लायसन्स मिळतं, एसपीएल. त्याला वयाची अट 16 पूर्ण, पीपीएलला 17, शिक्षण दहावी पास. पीपीएलला किमान 40 तास लागतात, त्यात किमान 20 तास सोलो म्हणजे एकट्याने, सोलोतले किमान 5 तास क्रॉस-कंट्री म्हणजे दुसऱ्या गावच्या पट्टीपर्यंतचं उड्डाण, आणि त्या क्रॉस-कंट्रीत एक फेरी किमान 150 नॉटिकल मैलांची, दोन वेगळ्या ठिकाणी पूर्ण थांबून. म्हणजे जवळपास 278 किलोमीटर, एकट्याने.

40 हा किमान आकडा आहे हो, कमाल नाही. सलग उडणारा चांगला विद्यार्थीही साधारण 50 च्या आसपास जातो, तेवढंच बजेट धरा. तासाचा दर विमान आणि शाळा बघून सध्या 12 ते 18 हजारांच्या घरात असतो, म्हणजे नुसतं फ्लाइंगच सात-आठ लाख, वर राहणं-खाणं, मेडिकल, फिया, हेडसेट. 9-10 लाख बाजूला असल्याशिवाय सुरू करू नका, निम्म्यात पैसे संपून थांबणं म्हणजे निम्मे पैसे वाया. आणि शाळेत सगळी रक्कम आगाऊ भरू नका, किती का डिस्काउंट देईनात. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने एका शाळेत पूर्ण पैसे भरले आणि मग महिनोन्महिने "विमान ग्राउंडेड आहे, पार्ट यायचाय" एवढंच ऐकलं. जाऊन बघा, हँगरमध्ये किती विमानं उभी आहेत ते मोजू नका, काल किती उडाली ते विचारा. किती इन्स्ट्रक्टर आहेत, एका इन्स्ट्रक्टरमागे किती मुलं, सीपीएलच्या (कमर्शियल लायसन्सच्या) 200 तासांच्या बॅचपुढे तुमच्यासारख्या एकट्यादुकट्या पीपीएलवाल्याला विमान मिळतं का, हे तिथल्या मुलांना चहाच्या टपरीवर विचारा, ऑफिसात नको. पैसे परत मिळायची अट कागदावर घ्या.

आता खरं फ्लाइंग. शिकायला बहुतेक सेसना 152 किंवा 172 मिळेल. 152 हे दोन सीटचं, 110 हॉर्सपॉवरचं छोटं विमान, उड्डाणाचं कमाल वजन 757 किलो, त्यात पूर्ण टाकी भरली की दोन माणसांना मिळून साधारण 170-180 किलोच उरतात. म्हणजे तुम्ही 95 चे असाल तर इन्स्ट्रक्टर बारीक बघा किंवा इंधन कमी भरा, आणि हा हिशोब रोज कागदावर करायचा, अंदाजाने नाही. उड्डाणाआधी टाकीच्या खालून थोडं पेट्रोल काढून उजेडात बघायचं, ॲव्हगॅस निळसर असतं आणि पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. दमट हवेत रात्रभर अर्धी टाकी उभी राहिली की आत पाणी धरतं. मग इंजिन चालू करून 1700 आरपीएमवर दोन्ही मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) एकेक करून बघायचे, आरपीएम 125 च्या वर पडले की विमान परत. हे चेक करताना कोणी घाई केली तर मी सॉर्टी तिथेच थांबवते, मग तो कंपनीचा व्हाइस प्रेसिडेंट का असेना.

गाडी चालवणाऱ्यांची पहिली अडचण जमिनीवरच होते, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, हात वळतात, विमान वळत नाही, कारण ते पायाने वळवायचं असतं. दोन दिवसांत सुटतं ते. वर गेल्यावर सरळ जाणं, वळणं, चढणं-उतरणं, स्टॉल (वेग फार कमी होऊन पंखांची उचल जाणं) हे सगळं अपेक्षेपेक्षा लवकर येतं, आणि मग माणूस अडकतो लँडिंगला. सगळेच अडकतात. आणि अडकण्याचं कारण नव्वद टक्के एकच असतं, नजर.

फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेत उतरत, 60-65 नॉट्सने येताय तोपर्यंत रनवेच्या सुरुवातीकडे बघायचं ठीक आहे. पण उंबरठा ओलांडला, थ्रॉटल मागे घेतला की नजर उचलून रनवेच्या पार टोकाला न्यायची. नवशिका नाकासमोरच्या डांबराकडे बघत राहतो, जमीन अंगावर आल्यासारखी वाटते, दचकून योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढतो, विमान परत पाच-सात फूट वर जातं आणि वेग संपून आदळतं. टोकाकडे बघितलं तर जमीन दोन्ही बाजूंनी हळूहळू वर येताना कळते, आणि मग तुमचं काम एवढंच की विमानाला उतरू द्यायचं नाही, अजून नाही, अजून नाही करत योक थोडा थोडा मागे घेत राहायचं, मध्येच स्टॉल वॉर्निंगचा हॉर्न कुरकुरतो आणि मागची चाकं स्वतःहून टेकतात. पुढचं चाक तरीही धरून ठेवायचं, आपोआप खाली येऊ द्यायचं. आणि उसळी बसली तर योक पुढे ढकलायचा नाही, कधीच नाही, पुढचं चाक आणि प्रॉपेलर दोन्ही त्यात जातात. मोठी उसळी असेल तर फुल थ्रॉटल, गो-अराउंड, परत या. माझ्याकडे गो-अराउंड केल्याबद्दल कोणाला कधी बोलणी बसत नाहीत.

हे सर्किट्स रोज केली की एक सकाळ अशी येते की इन्स्ट्रक्टर रनवेच्या बाजूला विमान थांबवायला सांगतो, दार उघडून उतरतो, आणि सांगतो एक सर्किट मारून ये. त्यासाठी एक तयारी डोक्यात ठेवा, शेजारचं सत्तर-ऐंशी किलो वजन गेल्यामुळे विमान लवकर उचलतं, रोज जिथे हजार फूट व्हायचे त्याच्या बरंच आधी होतात, आणि उतरताना जास्त लांब तरंगतं. काही बिघडलेलं नसतं. ज्याला हे आधी सांगितलंय तो घाबरत नाही.

क्रॉस-कंट्रीत नकाशा, घड्याळ आणि कंपास यांवर भरवसा ठेवायला शिका, टॅबलेट बंद करून. दख्खनवर खुणा भरपूर आहेत, तापी, गिरणा धरण, हायवे, रेल्वे, साखर कारखान्यांची धुराडी. साधा हिशोब, एका अंशाची चूक 60 मैलांवर एक मैल बाजूला नेते. आणि पट्टी दिसली म्हणजे आपलीच असं समजू नका. 15 जुलै 1953 ला बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट जेट सांताक्रूझचा मोठा विमानतळ समजून जुहूला उतरलं होतं, आणि 1972 मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-8 तसंच जुहूला जाऊन पट्टीच्या बाहेर गेलं. ते कसलेले वैमानिक होते. जुहूची मुख्य पट्टी 08-26 आणि सांताक्रूझची 09-27 (हे आकडे म्हणजे पट्टीची कंपासवरची दिशा, शेवटचं शून्य गाळून), दिशा जवळजवळ एकच, त्यामुळे नुसता कंपास जुळून भागत नाही, पट्टीची लांबी, आजूबाजूच्या खुणा, वेळ सगळं जुळलं पाहिजे.

मार्च-एप्रिलमध्ये रजा मिळतेय म्हणून तेव्हा येऊ का, असं विचाराल. पहाटेच्या सॉर्टीपुरतं ठीक. बारामतीसारख्या 2000 फुटांच्या आसपासच्या पट्टीवर दुपारी 40 डिग्री असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाला ती साडेपाच हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. धाव लांबते, चढणं मंदावतं, वर थर्मल्सनी (तापलेल्या हवेच्या वर जाणाऱ्या झोतांनी) विमान नुसतं हलतं आणि नवशिक्याला त्यात वेग धरता येत नाही. एकदम सुरुवातीच्या तासांना तर नकोच.

लायसन्स झाल्यावर काय, हेही आधीच ठरवा. पीपीएलवर पैसे घेऊन कोणाला उडवता येत नाही, तुमची माणसं तुमच्या खर्चाने न्यायची. मुंबईत भाड्याने विमान मिळणं अवघड, म्हणजे परत त्याच शाळेत जाऊन चेक सॉर्टी करून उडायचं. वर्षाला थोडे तरी तास उडत राहायचा खर्च आणि वेळ काढता येणार असेल तरच सुरू करा, कारण वर्षभर हात न लावलेल्या पायलटच्या शेजारी मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही.

अमेरिकेचं म्हणाल तर तिकडेही पार्ट 61 मध्ये (तिकडचा लायसन्सचा नियम) किमान 40 तासच आहेत, पण विमानं भरपूर आणि काही राज्यांत हवा वर्षभर चांगली, त्यामुळे सलग दोन महिन्यांत होतं हे खरं. त्याआधी परदेशी विद्यार्थ्याला त्यांच्या टीएसएची (वाहतूक सुरक्षा खात्याची) परवानगी लागते, व्हिसाचं वेगळंच. आणि तिकडचं लायसन्स इथल्या व्हीटी नंबरच्या, म्हणजे भारतात नोंदलेल्या, विमानावर आपोआप चालत नाही, डीजीसीएकडून कन्व्हर्जन करायला लागतं. तुम्हाला डोंबिवलीत राहून, इथल्याच हवेत, इथल्याच टॉवरशी बोलत उडायचंय तर इथेच शिका. या आठवड्यात क्लास टू मेडिकलची अपॉइंटमेंट घ्या, रिपोर्ट आला की मग पुढचं विचारा, मी सांगते.